वाचकांचे प्रश्न : विमानतळापासून घरापर्यंत

या वेळच्या टपालात विमानतळांचीच पत्रं जास्त आहेत. गोव्यात आता दाभोळीचा जुना आणि मोपाचा नवा असे दोन विमानतळ आहेत ना! चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, तिकिटं काढायचे दिवस आले की दर वर्षी असं होतं. पणजीत अठरा जून रस्त्यावरच्या एका तिकीट कचेरीत माझी नोकरीची वर्षं गेली. काउंटरपलीकडचा माणूस तिकीट केवढ्याला ते विचारायचा आणि मी त्याला विचारायचे, उतरल्यावर घरी कसे जाणार? आजही मला हाच प्रश्न आधी सुचतो, म्हणून उत्तरं थोडी सविस्तर देते आहे.

प्रश्न : आमची मुलगी पुण्यात नोकरीला आहे. चवथीला येताना तिला मोपाचं तिकीट दाभोळीपेक्षा दीड हजारानं स्वस्त मिळतंय. विमान रात्री साडेअकराला उतरतं. आम्ही काणकोणला राहतो. ह्यांना आता रात्री गाडी चालवणं जमत नाही. स्वस्त तिकीट घ्यावं का?
– एक आई, काणकोण

उत्तर : ताई, नका घेऊ.

मोपा पेडण्यात, तुम्ही काणकोणला. गोव्याचं हे टोक ते ते टोक. रस्त्यानं शंभर किलोमीटरच्या वरच जातं. दाभोळीहून तुमचं घर साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. मधले चाळीस किलोमीटर रात्री बारानंतर टॅक्सीनं कापायचे म्हटलं, की वाचवलेले दीड हजार तिथेच संपतात आणि वर आणखी काही घालावे लागतात. काणकोणहून टॅक्सी रिकामी परतणार, ते पैसेही चालक आपल्याकडूनच धरणार. त्याच्या बाजूनं पाहिलं तर ते रास्तच आहे.

पण मला पैशांपेक्षा रस्त्याची काळजी वाटते. चवथ म्हणजे भाद्रपद, पाऊस अजून गेलेला नसतो. करमल घाटातली वळणं, वर झाडांचा काळोख, आणि दिवसभर गाडी चालवून दमलेला अनोळखी चालक. मुलगी एकटी. तिच्या येण्याच्या आनंदात घरातल्या दोन माणसांनी रात्री दोनपर्यंत फोन हातात धरून बसायचं, हे दीड हजारासाठी करू नये.

बसचं म्हणाल, तर मोपाहून पणजी, म्हापसा, मडगाव आणि कळंगुटच्या बाजूला कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी वाहतूक महामंडळाच्या, विजेवर चालणाऱ्या बस जातात. दिवसा उतरणाऱ्या माणसाला मी आधी त्याच सुचवते. पण रात्रीची शेवटची बस मिळाली तरी ती मडगावपर्यंतच सोडणार. तिथून पुढे काणकोणची बस पहाटेशिवाय नाही. तेव्हा मुलीला सांगा, दाभोळीचं तिकीट घे, थोडं महाग असलं तरी चालेल. मोपाचंच घ्यायचं असेल तर दुपारी दोनच्या आत उतरणारं घे. मग मोपा–मडगाव कदंब, मडगावहून काणकोणची किंवा कारवारची बस, आणि उजेडात घरी.

एक गोष्ट तिला आवर्जून सांगा. तिकीट काढताना 'गोवा' एवढंच लिहिलं की दोन्ही विमानतळ एकत्र समोर येतात. दाभोळीची खूण जीओआय, मोपाची जीओएक्स. शेवटचं अक्षर पाहूनच पैसे भरायचे. तसंच, एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचं विमान पकडायचं असं तिकीट कधीही काढू नये. दोन्हींमध्ये साठ किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि मधे मांडवी नदीही लागते, झुवारीही.

दाभोळीला तिला हवी ती वेळ का मिळत नाही, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. पोर्तुगिजांनी १९५५ मध्ये बांधलेला हा विमानतळ आता नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखलेले असतात. प्रवासी विमानांनी उरलेल्या वेळात बसायचं. मोपा ५ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, तो चोवीस तास मोकळा. म्हणून नव्या वेळा तिथे, आणि स्वस्त तिकिटंही पुष्कळदा तिथेच.

या निमित्तानं सगळ्यांसाठी थोडं सांगते. जगातल्या विमानतळांच्या याद्या निघतात त्यांत 'शहराच्या मध्यापासून किती किलोमीटर' असा एक रकाना असतो. मुंबई, लिस्बन, दुबई यांना तो लागू पडतो. आपल्याला पडत नाही. गोव्याचा मध्य कुठला? पणजी राजधानी खरी, पण सासष्टीतल्या माणसाचा बाजार मडगाव, बारदेशातल्याचा म्हापसा, अंत्रुजातल्याचा फोंडा. पणजीहून दाभोळी तीस किलोमीटर आणि मोपा पस्तीस, म्हणजे पणजीकराला दोन्ही सारखेच. पेडणे, बारदेश, डिचोली, सत्तरीला मोपा बरा. मुरगाव, सासष्टी, केपे, सांगे, काणकोणला दाभोळी. तिसवाडी आणि फोंड्यातल्या लोकांनी वेळ पाहून ठरवावं. २०२२ च्या डिसेंबरात झुवारीवरचा नवा पूल खुला झाला, तेव्हापासून पुलाच्या तोंडाशी कुठ्ठाळीला गाड्यांच्या रांगेत अडकून विमान चुकण्याची भीती पुष्कळ कमी झाली आहे. तेव्हा तिसवाडीकरांनी केवळ झुवारीच्या धास्तीनं दाभोळी सोडू नये.

प्रश्न : मोपा विमानतळ आमच्या तालुक्यात. रेल्वेही आमच्या तालुक्यातून जाते. तरी पेडण्याच्या स्टेशनवर उतरलेल्या माणसाला विमानतळावर जायचं तर टॅक्सी शोधत उभं राहावं लागतं. परदेशात म्हणे विमानतळाच्या खालीच रेल्वे असते. मग आपल्याकडे आधी विमानतळ आणि मागाहून रस्ता, असं का?
– एक शिक्षक, पेडणे

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र दोनदा वाचलं. हा प्रश्न विमानतळ बांधायच्या आधी विचारायचा असतो, आणि ज्यांनी तो आधी विचारला त्यांचं चांगलं झालेलं दिसतं.

नॉर्वेतल्या ऑस्लोचा गार्डेर्मोएन विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, म्हणजे मोपा–पणजीपेक्षाही लांब. पण १९९८ मध्ये ज्या दिवशी विमानतळ सुरू झाला, त्याच दिवशी त्याची रेल्वेही सुरू झाली. आज वीस मिनिटांच्या आसपास माणूस शहराच्या मुख्य स्टेशनात पोचतो. म्युनिकचा विमानतळ १९९२ मध्ये शहराबाहेर नेला, तेव्हा लोकल गाडी पहिल्यापासून तिथे पोचत होती. झुरिकला १९८० पासून विमानतळाच्या खाली रेल्वे स्टेशन आहे. तिथे नुसत्या शहरातल्या नाहीत, देशभरात जाणाऱ्या गाड्या थांबतात. दुसऱ्या गावचा माणूस शहरात न शिरता थेट घरची गाडी धरतो. मला तो नमुना फार आवडतो, कारण गोव्यासारख्या विखुरलेल्या वस्तीला तोच जुळतो.

उलट उदाहरणं पण पाहा. लंडनच्या हीथ्रोवर भुयारी रेल्वे पोचली १९७७ मध्ये, म्हणजे विमानतळ सुरू झाल्यावर तीस वर्षांनी. शांघायला मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर तरंगत धावणारी, गाडी आहे. २०२१ पर्यंत ती ताशी चारशे किलोमीटरच्या पुढे धावायची, नंतर वेग कमी केला, तरी तीस किलोमीटर आठेक मिनिटांत जाते. पण ती शहराच्या मध्यात जात नाही. लाँगयांग रोडला उतरवते, तिथून मेट्रो बदलायची. वेग डोळ्यांत भरतो खरा, पण प्रवाशाला पुन्हा बॅग उचलावीच लागते.

गोव्यातल्या धोरण करणाऱ्यांनी एक गोष्ट पाठच करावी असं मला वाटतं, ती कॅनडातल्या माँट्रियलची. तिथे डोरव्हाल हा शहराजवळचा जुना विमानतळ होता. १९७५ मध्ये चाळीसेक किलोमीटरवर मिराबेल नावाचा प्रचंड विमानतळ बांधला आणि परदेशी विमानं तिकडे नेली. देशातली विमानं मात्र जुन्यावरच राहिली. मिराबेलपर्यंत वेगवान रेल्वे होणार होती, ती झालीच नाही. ठरलेला महामार्गही पुरा झाला नाही. परदेशातून उतरलेल्या माणसाला देशातलं विमान पकडायला रस्त्यानं दुसऱ्या विमानतळावर जावं लागायचं. लोकांनी टोरोंटोवरून जायला सुरुवात केली. २००४ मध्ये मिराबेलची प्रवासी विमानं बंद झाली आणि दहा वर्षांनी ती भली थोरली इमारत पाडायला घेतली. जुना डोरव्हाल अजून चालू आहे.

मोपाचं तसं होईल असं मी म्हणत नाही. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गचे लोकही तिकडून जातात, बारदेशातली हॉटेलं जवळ आहेत, आणि धारगळहून विमानतळापर्यंत सहा पदरी रस्ता झाला आहे. पण आपणही दोन विमानतळांचे धनी झालो आहोत, आखातातली काही विमानं दाभोळी सोडून मोपाला गेली आहेत, आणि कुंकळ्ळी-केप्यातल्या दर्यावर्दी कुटुंबांना आता रात्री-अपरात्री सगळा गोवा ओलांडावा लागतो. दोन विमानतळ ठेवायचे तर दोन्हीकडे सारख्याच सोयीनं जाता आलं पाहिजे. नाहीतर एका बाजूच्या लोकांना दुसऱ्या बाजूची किंमत मोजावी लागते.

आता तुमच्या रेल्वेचं. कोकण रेल्वे पेडणे, थिवी, करमळी, मडगाव, बाळ्ळी, काणकोण अशी गोव्यातून उभी जाते. नकाशा पाहिला की वाटतं, विमानतळाला हिच्याइतकी सोयीची रेल्वे दुसरी नसेल. काणकोणचा माणूस गाडीत बसला की थेट पेडण्याला उतरेल. अडचण अशी की रस्ता बहुतेक एकेरी आहे, गाड्या लांब पल्ल्याच्या आहेत, त्यांच्या वेळा मुंबई आणि केरळ पाहून ठरलेल्या आहेत. गोव्यातल्या गोव्यात फिरणाऱ्या गाड्या फार थोड्या. दाभोळीचीही तीच कथा. विमानतळाच्या पठाराखाली दाभोळी नावाचं छोटं स्टेशन आहे, वास्कोच्या लाइनवर. तिथे थांबणाऱ्या गाड्या इतक्या कमी, की विमानातून उतरलेल्या बहुतेकांना स्टेशन आहे हेही माहीत नसतं. रूळ शेजारून गेले म्हणून सोय होत नाही. विमानांच्या वेळेला गाडी यायला हवी, आणि ती येणार असा लोकांना भरवसा हवा.

म्हणून मोपापर्यंत नवे रूळ कधी पडतील याची वाट बघत बसण्यापेक्षा मी एक साधी गोष्ट मागेन. पेडणे आणि थिवी स्टेशनवर थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळेला जोडून विमानतळाची बस ठेवा. गाडी उशिरा आली तर बस थांबली पाहिजे. वेळापत्रक स्टेशनवर मराठी-कोंकणीत लावा, आणि तेच विमानतळाच्या आत, बॅगा येतात त्या पट्ट्यासमोर लावा. बेंगळुरूकडे पाहा. देवनहळ्ळीचा विमानतळ २००८ मध्ये सुरू झाला, शहरापासून पस्तीस-चाळीस किलोमीटरवर, मेट्रोशिवाय. पण वायुवज्र नावाच्या वातानुकूलित बस शहराच्या वेगवेगळ्या भागांत सोडल्या, बॅगांना जागा ठेवली, रात्रीच्याही फेऱ्या ठेवल्या. आपल्या गोव्यातली शिकायला गेलेली मुलं त्याच बसनं जातात आणि आईबाप निश्चिंत असतात. यासाठी डोंगर फोडावा लागला नाही.

आणखी एक इच्छा सांगून टाकते. दिल्लीत विमानतळाची मेट्रो २०११ मध्ये सुरू झाली. नवी दिल्ली स्टेशनवरून टर्मिनल तीनला वीसेक मिनिटं लागतात. त्याहून मोठी सोय अशी, की काही विमान कंपन्यांच्या प्रवाशांना नवी दिल्ली किंवा शिवाजी स्टेडियम स्टेशनवरच मोठी बॅग देऊन बोर्डिंग पास घेता येतो. हाँगकाँगनेही असंच केलं. मडगावच्या आणि पणजीच्या कदंब स्थानकावर असा एक काउंटर झाला, तर गुडघे दुखणाऱ्या आजीलासुद्धा रिकाम्या हातानं बसमध्ये चढता येईल. तुम्ही गावातल्या पंचायतीत हे मांडा. मी इथे लिहीतच राहीन.

प्रश्न : माझा भाऊ लिस्बनला कागदपत्रांच्या कामासाठी जाणार आहे, आणि तिथून पुढे इंग्लंडमध्ये स्विंडनला आमच्या मावशीकडे. इंग्रजी जेमतेम, पोर्तुगीज अजिबात नाही. दोन्हीकडे विमानतळाहून कसं जायचं ते सोप्या शब्दांत सांगाल का?
– एक बहीण, डिचोली

उत्तर : लिस्बनची अजिबात काळजी करू नका. तिथला विमानतळ १९४२ पासून शहरातच आहे, रोसिऊच्या चौकापासून सात-आठ किलोमीटरवर. नवा विमानतळ बाहेर अल्कोशेतला बांधायचं २०२४ मध्ये ठरलं आहे, पण तुमचा भाऊ जुन्यावरच उतरेल. दारातून बाहेर आलं की मेट्रो. लाल लाइन तिथूनच सुटते, म्हणजे चुकीच्या दिशेला जायची भीतीच नाही. आलामेडाला उतरून हिरवी लाइन धरली की रोसिऊ. रात्री एकला मेट्रो बंद होते आणि सकाळी साडेसहाला सुरू होते, तेवढी विमानाची वेळ पाहून घ्या. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात, आणि मूळ कागदपत्रं शर्टाच्या आत. जन्मदाखल्याच्या नकला काढून घरी ठेवल्यात ना?

स्विंडनसाठी बहुतेक लोक एक फेरा उगीच घालतात. हीथ्रोला उतरून आधी लंडनमध्ये जातात, पॅडिंग्टन गाठतात आणि तिथून पुन्हा पश्चिमेला गाडी धरतात. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला आहे आणि स्विंडन त्याच्याही पश्चिमेला. लंडनमध्ये जायचं कारणच नाही. हीथ्रोच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून स्विंडनला थेट कोच जाते. ती नाही मिळाली तर रेडिंग स्टेशनची बस आणि तिथून स्विंडनची रेल्वे. कोचचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं, पण विमान उतरायच्या वेळेनंतर तीन तासांची मोकळीक ठेवून काढा. इमिग्रेशनची रांग किती लांब असेल ते कुणाला सांगता येत नाही. बसस्थानकाचं नाव इंग्रजीत एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या खिशात द्या. फोन संपला तरी कागद दाखवता येतो.

प्रश्न : दाभोळीच्या बाहेर पायलट, म्हणजे आपली मोटरसायकल टॅक्सी, मिळतो का? मी वास्कोचाच, एका बॅगेनिशी येतो.
– वाचक, वास्को

उत्तर : बाहेर मुख्य रस्त्यावर या, पायलटही मिळेल आणि वास्कोची बसही. गाव तीन-चार किलोमीटरवर आहे. विमानतळ इतका जवळ असलेली माणसं देशात थोडी. बॅग पाठीवरची असेल तरच पायलट करा, चाकांची बॅग गुडघ्यावर धरून बसू नका.

प्रश्न : आईला परळच्या टाटा हॉस्पिटलात न्यायचं आहे. रेल्वेनं तिला बसवत नाही, म्हणून विमानानं जाणार. मुंबईला आता दोन विमानतळ झाले म्हणतात. कुठला घ्यावा? तिथून टॅक्सी करावी की मेट्रो? खर्चाची ओढाताण आहे.
– एक मुलगा, फोंडा

उत्तर : आधी हॉस्पिटलच्या कागदावर पत्ता नीट पाहा. टाटाचं मुख्य हॉस्पिटल परळला आहे, पण पुष्कळ पेशंटना खारघरच्या केंद्रात बोलावतात. खारघर नवी मुंबईत आहे. तिथे बोलावलं असेल तर नवी मुंबईचा नवा विमानतळ, खूण एनएमआय, बराच जवळ पडेल. परळला जायचं असेल तर जुना मुंबई विमानतळच घ्या, खूण बीओएम. नव्या विमानतळाचं तिकीट स्वस्त दिसलं तरी परळच्या पेशंटला तिकडे उतरवू नका, खाडी ओलांडून यावं लागतं.

जुन्या विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांना आता भुयारी मेट्रो आहे, तीन नंबरची, ॲक्वा लाइन. २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. वाटेत दादर लागतं. तिथे उतरून परळला टॅक्सी केली तर मीटर फार होत नाही. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, पण टर्मिनलपासून फलाटापर्यंत चालावं लागतं. आई किती चालू शकते, हे तुम्हालाच माहीत. जाताना तिला थकवू नका, विमानतळावरून सरळ प्रीपेड टॅक्सी करा आणि ते पैसे खर्च झाले म्हणून हळहळू नका. मेट्रो तुमच्यासाठी ठेवा. रिपोर्ट आणायला, औषधांना, एकट्यानं घरी जाऊन यायला ती कामाची आहे.

विमान कंपनीकडे व्हीलचेअर आधीच नोंदवा, दाभोळीलाही आणि मुंबईलाही. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. जाताना दुपारचं विमान पाहा. मुंबईतली सकाळची आणि संध्याकाळची वाहतूक आजारी माणसाला सोसवत नाही. आणि परतीचं तिकीट आत्ता काढू नका. हॉस्पिटलच्या तारखा पुढे-मागे होतात, तपासणीचा दिवस कळला की मग काढा. फोंड्याला परतताना रात्र होणार असेल तर शेजारच्या कुणाला दाभोळीला गाडी घेऊन यायला सांगून ठेवा. अशा कामाला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही.